कुवानोसेची दुपारची गाडी

कुवानोसे, २ मार्च

चि. शिगेहारूस,

अनेक आशीर्वाद. छपरांवरचं बर्फ धपाधप कोसळतंय, उमेच्या झाडाला कळ्या धरल्यात. तू बरा असशील.

स्टेशनाच्या निरोप समारंभाचं तुझं निमंत्रण मिळालं. मी स्टेशनमास्तरचा जुना गणवेश चढवावा, शेवटच्या गाडीला झेंडा दाखवावा, फोटो छान येतील, असं लिहितोस. फलकासाठी इतिहासही मागतोस. घे तर.

धुराने तुतीची पानं काळवंडतील, रेशमाचे किडे मरतील, म्हणून गावाने रूळ वेशीबाहेर हाकलले. एकट्या आपल्या आजोबांनी स्टेशनासाठी तुतीचा मळा दिला. दुसऱ्या फलाटाचे रूळ पुढे उखडले. तिथे गवत माजलंय. रुळांवरचा पादचारी पूल मात्र अजून तिकडेच उतरतो, पाठ केलेल्या कवितेची मधलीच ओळ आठवावी तसा. त्याच पुलावर मी तुझ्या कविता म्हणून घ्यायचो. तू चाल विसरायचास, शब्द नाही.

बाकांवरच्या गाद्या तुझ्या वहिनीने शिवलेल्या. त्या म्हणे तुम्ही काचेच्या कपाटात ठेवणार. बसायला शिवल्यात रे त्या.

गाडी बंद करू नका म्हणायला नगरसभेत मी उठलो तेव्हा तू म्हणालास, "दादा, त्या गाडीत माणसं कुठे असतात? नुसती हवा बसते!" सगळे हसले. दुपारच्या गाडीने मी रोज जातो. ती हवा मीच.

कुठे जातो, तुला ठाऊक आहे. तुझी वहिनी, फुमी, मिझुकावा गावच्या वृद्धाश्रमात आहे. आता मला ओळखत नाही. गणवेश नसला तरी मास्तरच समजते.

"मास्तर, आमचे हे या गाडीने यायचे होते. आले का हो?"

"गाडी वेळेवर आहे, बाई."

मग, मी सिग्नलकडे बोट रोखायचो तसं, ती खिडकीकडे बोट रोखते आणि खणखणीत म्हणते, "मार्ग मोकळा!"

गाडीऐवजी येणारी तुमची नवी बस मिझुकावाला जातच नाही. मला मोटार चालवता येत नाही. हे सारं माहीत असून गाडी बंद करण्याच्या बाजूने तू हात वर केलास. मी मागच्या रांगेतून पाहत होतो.

समारंभाला येईन, गणवेशातच. झेंडा मात्र दुसऱ्या कुणाला दे. मी गाडीत बसणार आहे. ती परत येणार नाही, मीही नाही. आश्रमामागे एक खोली मिळाली आहे. गाद्या सोबत नेतोय. कपाटात काय ठेवायचं ते तुझं तू बघ.

तुझ्या भाषणातली हवा,
तोकुझो