उकळत्या इंजिनात थंड पाणी

॥ श्री ॥

धानोरा,
ता. ८ एप्रिल १९४५

चिरंजीव उदेसिंग यास नवलसिंगचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल आहे.

मोटारीबद्दलचं तुझं पत्र मिळालं. चार पानं! खडकीच्या लष्करी वर्कशॉपात तू अडीच वर्षं पाने फिरवलेस म्हणून धाकट्याने थोरल्याला शिकवायचं असं ठरलं वाटतं. विहिरीवरचं ऑइल इंजिन मी एकट्याने आठ वर्षं चालवतो, तेव्हा कोणाचं पत्र येत नव्हतं.

रेडिएटर गळत होता. नंदुरबारचा मिस्त्री म्हणाला, तो सुरतेला डाग देऊन सांधायला पाठवावा लागेल, महिना जाईल. मी त्याला वाटेला लावलं. हळद टाकली की गळती बुजते हे लॉरीवाल्यांकडून ऐकून होतो. घरातली शेरभर हळद आत ओतली. गळती बंद. तुझी भिकुवहिनी हळदीपायी दोन दिवस तणतणली ती वेगळी. काल बाजार करून आलो. मोटार थोडी तापते, पण पळते.

तुझ्या कोकिळेची तब्येत ठीक आहे. आखाजीच्या सणाच्या सुमारास बाळंत होईल. काळजी नसावी, आणि उपदेश जरा बेतानं लिहावा. हे आशीर्वाद.

नवलसिंग

॥ श्री ॥

खडकी,
ता. १३ एप्रिल १९४५

तीर्थरूप दादाभाऊंस उदेसिंगचा साष्टांग नमस्कार वि. वि.

शेरभर? दादाभाऊ, लोक चिमूटभर टाकतात. त्या हळदीचा चिखल रेडिएटरच्या नळ्यांत बसला आहे, पाणी फिरत नाही, म्हणून मोटार तापते. रेडिएटर उतरवून धुवून घ्या, तोवर ती जागची हलवू नका. आणि उकळलीच तर तासभर निवू द्या. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतलं तर त्याचा बिडाचा ब्लॉक तडकतो, आणि तडकलेला ब्लॉक आपल्याकडे कोणी सांधून देत नाही. पोळ्याच्या रजेत मी हे समजावत होतो तेव्हा तुम्ही सुपारी कातरत बसला होता. दाराआड उभ्या असलेल्या कोकिळेला ते पाठ झालं.

मोटार बाजार करायला घेतलेली नाही. दोन वर्षांपूर्वी बैलगाडीने नंदुरबारचं स्टेशन गाठेपर्यंत रेल्वे निघून गेली आणि माझं पोर गेलं. या खेपेला वेळ आली की तिला सरळ चिंचपाड्याच्या मिशनच्या दवाखान्यात नेता यावं म्हणून घेतली. मला रजा नाही. तुमच्या हट्टापायी तिचा जीव टांगणीला लागला तर मी भाऊ म्हणवून घेणार नाही. रागात लिहिलं आहे, पण खोडत नाही. वहिनींस नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
उदेसिंग

॥ श्री ॥

धानोरा,
ता. १७ एप्रिल १९४५

चिरंजीव उदेसिंग यास आशीर्वाद.

तुझं पत्र आज आलं. मोटार परवाच संपली. अंगणात आली तीच वाफा सोडत. विहिरीचं बादलीभर पाणी ओतलं आणि आत कडकन आवाज झाला. मिस्त्री म्हणतो भंगारात घाला. झालं तुझं समाधान?

आणि तुझ्या बायकोला समज दे. मी इंजिनाशी झटतोय आणि ही आत उंबऱ्यावर परात आपटते. एकदा नाही, तीनदा. आठ वर्षं नांदलेल्या सुनेला हे शोभत नाही.

आता दवाखान्याचं खूळ सोड. कालीबाई सुईण गावातच आहे. आधीच जाऊन मिशनच्या पडवीत दिवस मोजत बसायचं, हे आपल्या घरच्या सुनेला मी करू देणार नाही. बाकी ठीक.

नवलसिंग

॥ श्री ॥

खडकी,
ता. २२ एप्रिल १९४५

चि. सौ. कोकिळा हिस आशीर्वाद वि. वि.

दादाभाऊंनी कळवलं. तू घरात होतीस, बादली तुला दिसत होती, पाणी ओतलं की काय होतं हे तुला माहीत होतं. मग गप्प का राहिलीस? परात कसली आपटतेस, दोन शब्द बोलायचे होतेस! मोटार तुझ्यासाठीच होती ना? इथे मी चार शिव्या खाऊन दुसऱ्यांच्या गाड्या चालत्या करतो आणि घरची गाडी तू डोळ्यांदेखत जाऊ दिलीस. उलट टपाली उत्तर दे. जपून राहा.

उदेसिंग

॥ श्री ॥

धानोरा,
ता. २८ एप्रिल १९४५

इकडच्या स्वारीच्या सेवेशी कोकिळेचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

गप्प का राहिले ते आपण मला विचारता? लग्न होऊन तीन दिवस झाले नव्हते, तेव्हा आपणच बजावलं होतं की दादाभाऊ तुझे जेठ, त्यांच्यापुढे तुझा आवाज निघाला तर मला मान खाली घालावी लागेल. आठ वर्षं निघाला नाही. त्या दिवशी जाऊबाई मिरच्या गोळा करायला गेल्या होत्या. घरात मी, अंगणात ते. निरोप सांगायला तिसरं माणूस नव्हतं. परात आपटली. त्यांनी वळून डोळे वटारले आणि बादली उपडी केली. मला ओरडायचं होतं. ओरडता येईना.

अजून एक सांगते, दोन वर्षं पोटात ठेवलं होतं. मागच्या वेळी स्टेशनच्या वाटेवर जेठ ओळखीच्यांच्या मळ्यात थांबले, बैलांना पाणी पाजलं, चहा घेतला, गप्पा मारल्या. मी गाडीत कळा सोसत होते. उशीर होतोय हे कळत होतं. तेव्हाही बोलले नाही. आपलं पोर रेल्वेने नाही मारलं.

मला रडू येत नाही, राग येतो. तुमचा, त्यांचा, आणि सगळ्यांत जास्त माझा. पोटातलं हे पोर मी मर्यादेपायी घालवणार नाही. हे पत्र पोचेल तोवर मी बोललेली असेन. घराबाहेर काढलं तर माहेरी जाईन. आपल्याला मान खाली घालावी लागली तर घाला. प्रकृतीस जपावं.

आपली,
कोकिळा

॥ श्री ॥

चिंचपाडा,
ता. ६ मे १९४५

चिरंजीव उदेसिंग यास अनेक आशीर्वाद.

मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. मूल आडवं होतं. इथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, घरी राहिली असती तर दोघींपैकी एकही हाती लागली नसती.

आता पुढचं ऐक. परवा सकाळी ओसरीवर गावातली चार माणसं बसली होती. कोकिळा पदर ओढून बाहेर आली आणि सगळ्यांसमोर माझ्याशी बोलली. तुमच्या चहापायी माझं पहिलं पोर गेलं, तुमच्या हट्टापायी मोटार गेली, आता मला चिंचपाड्याला पोचवा नाहीतर मी पायी निघते, असं म्हणाली. मधे एकदाही थांबली नाही. माझं डोकं फिरलं.

मी बैल जुंपले ते दवाखान्यासाठी नाही, उदेसिंग. तिला कायमची माहेरी टाकून यायला जुंपले. तिला तसं सांगितलं मात्र नाही. तिचं माहेर नवापूरकडे, रेल्वे तीच. तुझी वहिनी रडत मागे बसली. वाटेत मी कुठेही थांबलो नाही, इतका संताप होता, म्हणून रेल्वे सापडली. डब्यात तिला कळा सुरू झाल्या. चिंचपाडा आलं तेव्हा इथेच उतरायचं असं तिने सांगितलं, आणि मी उतरवलं.

आता ती भेटेल त्याला सांगते की जेठांनी माझं ऐकलं, लगोलग गाडी जुंपली, वाटेत पाणीसुद्धा प्यायले नाहीत. डॉक्टरबाईंना सांगून झालं. पोरगी माझ्या मांडीवर ठेवायला लावली. खरं काय ते तिला कळलं पाहिजे. ते तू लिही. मी तिच्या खाटेपाशी जातो, उभा राहतो आणि परत येतो. मला बोलता येत नाही.

लोभ मागायला तोंड नाही. ठेवलास तर ठेव.

नवलसिंग