आबांच्या खाटेशेजारचं टेबल

ठाणे, ४ नोव्हेंबर १९८३

ती. पुंजाराम भाऊस, लताचा सप्रेम जयभीम. वि. वि.

आबांचा डावा हात कसा आहे? डॉक्टर काय म्हणाले ते विसरू नकोस बरं, त्यांना खाली वाकू द्यायचं नाही, वाकले की तोल जातो. पाणी, औषध सगळं हाताशी पाहिजे. म्हणून खाटेशेजारी ठेवायला एक साइड टेबल ट्रान्सपोर्टनं पाठवलंय. मोठ्या शोरूममधलं, डिझायनरनं आखलेलं, साडेआठशे रुपयांचं. ओरडू नकोस! आबांनी तीस वर्षं हातगाडी ओढून गंगापूर रोडच्या बंगल्यांत लोकांचं फर्निचर पोचवलं. एक तरी वस्तू त्यांच्या स्वतःच्या घरी पोचू दे की. मात्र किंमत आबांना अजिबात सांगू नकोस.

लंकाचं कुठे जमतंय का? वहिनींना जयभीम. तुझी माया आहे तश्शी राहू दे.

तुझी लता

नाशिक, १५ नोव्हेंबर १९८३

चि. लता, जयभीम व आशीर्वाद.

टेबल पोचलं, पण घोळ झाला. तुझं पत्र मी नेहमीसारखं आबांना मोठ्यानं वाचून दाखवत होतो. किंमत वाचून झाली आणि मग पुढची ओळ दिसली. अगं बाई, ‘सांगू नकोस’ हे आधी लिहायचं की नंतर? आबा हबकलेच.

साडेआठशे! अंबडच्या कारखान्यात महिनाभर राबतो तेव्हा मला तेवढे मिळतात. आमच्या कंपनीतला सुतार साठ रुपयांत सागाचं स्टूल करून देतो, वर उभी राहून नाचलीस तरी हलणार नाही. तुझ्या टेबलाला पाय तीनच, पॉलिश मात्र आरशासारखं. दिसतं झकास, खोटं कशाला बोलू? पण आबा त्याच्यावर काही ठेवू देत नाहीत. ओल्या तांब्याचा डाग पडेल म्हणतात. ओरखडा पडला की शेठ मजुरी कापायचा ना, ती भीती अजून अंगातून गेली नाही. शेवटी तुझ्या वहिनीनं टेबलावर जुनं लुगडं अंथरलं. तरी तांब्या खाली फरशीवरच असतो.

लंकाला बघायला ४ डिसेंबरला, रविवारी, पाहुणे येतायत. आत्याची आठवण काढते पोरगी. आमच्यावर लोभ ठेव, पैसे मात्र जपून ठेव.

तुझा भाऊ, पुंजाराम

ठाणे, २२ नोव्हेंबर १९८३

ती. भाऊस, सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र वाचून जीव कासावीस झाला. तांब्या फरशीवर? मग ते टेबल काय पूजेला पाठवलं का मी? आजच्या आज तांब्या वर ठेव. डाग पडू दे, तडा जाऊ दे, मोडलं तरी चालेल. महाग घेतलं ती माझी हौस झाली. तुझं म्हणणं खरं असेल, साठ रुपयांचं स्टूलच बरं असेल, मग ते आण. पण आबांना वाकायला लावू नकोस रे. हे पत्र त्यांना खुशाल मोठ्यानं वाचून दाखव.

रागावले तरी माया तुझ्यावरच आहे.

तुझी लता

नाशिक, १८ डिसेंबर १९८३

चि. लता, जयभीम.

आबांच्या मयतीला आलीस, आठ दिवस राहिलीस, पण माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. म्हणून लिहितो. तुझं ते पत्र मी आबांना वाचून दाखवलंच नाही. घडी करून खिशात ठेवलं. स्टूलही आणलं नाही. तुला एवढं सुनावणारा मी, पण ते टेबल बघून मलाच हाव सुटली. पाहुण्यांसमोर पोह्याच्या बश्या त्याच्यावर मांडू, चार माणसांत घर बरं दिसेल, असं वाटलं. रविवार होईपर्यंत डाग नको, मग तांब्या ठेवू, असं म्हणत राहिलो. आबा शुक्रवारीच गेले.

सकाळी मी कामावर निघालो होतो, दारात चपला घालत होतो. आबा पाण्यासाठी वाकले आणि तोल गेला. टेबल त्यांच्या उजव्या हाताशीच होतं. मी बघितलं लता. हात टेबलाकडे गेला आणि मागे आला. धरलं नाही त्यांनी. डोकं फरशीवर आदळलं. मी धावलो, पण काय उपयोग?

तू गेल्यावर मी लुगडं काढून त्यांचा तांब्या टेबलावर ठेवला. रोज भरतो. आता गोल डाग पडलाय. लंका पुसायला आली, तिला मी पुसू दिला नाही.

माया राहू दे असं कोणत्या तोंडानं लिहू? जमलं तर राहू दे.

तुझा भाऊ, पुंजाराम