बाबांच्या खोलीखाली

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा गुडघा बरा आहे असं धरून चालतो, कारण त्याबद्दल खरं काही तू लिहिणार नाहीस. इकडे बाबांची तब्येत आहे तशीच. झटक्यानंतर गेलेली वाचा परत येत नाही, पण काठी मात्र तोंडभर बोलते. खाटेवर पडल्या पडल्या जमिनीवर ठकठक करतात आणि मी घरात कुठेही असलो तरी ऐकू येतं.

आता कामाचं. तळघर रिकामं केलं. फाटक्या गाद्या, मोडकी सायकल आणि तुझी शाळेतली पेटी, असा ऐवज निघाला. तिथे माझं ऑफिस आणि छोटं होम थिएटर करायचं आहे. जन्मभर परक्यांची घरं कागदावर आखलीस, आता भावाचं तळघर आखून दे. छताला आवाज अडवणारं जाड अस्तर सगळीकडे हवं. माझं टेबल जिन्यापासून दूरच्या कोपऱ्यात, जिथे चिटपाखरू फिरकणार नाही. मापं सोबत आहेत आणि ती नीट घेतली आहेत, तेव्हा टोमणे नकोत. तुझ्या भावजयीची एकच अट आहे, कपडे वाळत घालायची दोरी तिथेच राहील.

माया आहे, ती तशीच असू दे.
तुझा ठोंब्या

१२ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,
अ. आ.

नकाशा सोबत आहे. दोरीसुद्धा त्यात दाखवली आहे, भावजयीला सांग. पण सुताराला बोलावण्याआधी हे पत्र पुरतं वाच. फोनवर तू नुसतं हो हो करतोस, म्हणून लिहिते आहे.

तू म्हणालास तसंच सगळं आखलं. मग सवयीने वरच्या मजल्याचा जुना ट्रेसिंग कागद त्यावर ठेवला आणि चूक दिसली. बाबांची खाट बरोबर थिएटरच्या पडद्यावर येते आणि तुझं टेबल घराच्या दुसऱ्या टोकाला. मध्ये जाड अस्तर. काठी वाजली तर ऐकणार कोण? तुझ्या नजरेतून हे सुटलं असणार, आणि तळघराचाच कागद पुढे घेऊन बसल्यामुळे माझ्याही.

उपाय सोपा आहे. दोन्हींची अदलाबदल कर. टेबल बाबांच्या खाटेखाली, थिएटर त्या कोपऱ्यात आणि अस्तर फक्त थिएटरपुरतं. कळव लगेच, मला चैन पडणार नाही.

तुझी काळजी करणारी,
ताई

२० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

माझ्या नजरेतून काही सुटलेलं नाही. मला ती ठकठक ऐकायची नाही, म्हणूनच तो कोपरा मागितला होता. तुझ्याशी खोटं बोलणं जमत नाही.

माझं काम फोनवर गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकण्याचं. एखादी बाई रडकुंडीला येऊन सांगत असते आणि बाबांची काठी सुरू होते. मी फोन थांबवून धावत जातो. बाबांना पाणी नको असतं, कूस बदलायची नसते, काहीच नको असतं. माझ्याकडे बघतात आणि डोळे मिटतात. परत येईपर्यंत बाईंनी फोन ठेवलेला असतो. साहेबीण बाईंनी सरळ सांगितलं आहे की असंच चाललं तर हे काम दुसऱ्याकडे जाईल. ते गेलं तर या वयात मला दारात कोण उभं करणार?

बाबांपाशी दिवसभर सांभाळणाऱ्या मावशी असतात. बाबांना एकटं टाकलेलं नाही. सुतार उद्यापासून येतो आहे, तू पाठवलेल्या नकाशाप्रमाणेच, अदलाबदल न करता. रागावू नकोस. रागावलीस तरी पत्र लिहायचं सोडू नकोस.

तुझा ठोंब्या

१४ मार्च

ती. वन्संना,
शि. सा. न.

एरवी मी तुम्हाला ताईच म्हणते, पण आज लिहिताना जरा आधार हवा आहे, म्हणून वन्सं.

तळघर झालं. देखणं झालं आहे, नाव ठेवायला जागा नाही. पण बाबांनी काठी सोडली. पहिले काही दिवस ठोकत राहिले. मावशी लगेच जवळ जायच्या, तर त्यांना हातानेच बाजूला व्हायला सांगायचे आणि पुन्हा ठोकायचे. यांना खाली काही ऐकू जात नव्हतं. मग एका सकाळी ठोकणं बंद झालं. आता काठी भिंतीला टेकून उभी आहे आणि बाबा तिकडे पाठ करून पडून असतात. ताटातलं निम्मं तसंच राहतं. डॉक्टर तपासून गेले, म्हणाले की नवीन काही दुखणं दिसत नाही.

यांचंही काही खरं नाही. ज्या शांततेसाठी एवढा खटाटोप केला, ती आता यांनाच खायला उठते. एक फोन झाला की वर येतात, दारातून बघतात, खाली जातात. काठी वाजल्याचे भास होतात म्हणाले. मला दोघांचीही भीती वाटते. माझं ऐकत नाहीत, पण तुमचा धाक आहे. चार शब्द लिहा.

तुमचीच,
भावजय

१९ मार्च

चि. ठोंब्यास,
अ. आ.

रागावलेले नाही, घाबरले आहे. तुझ्यासाठीही.

एक आठवलं ते सांगते. झटक्यानंतर बाबा काही दिवस माझ्याकडे होते, तेव्हाही ते असंच ठोकायचे. माझे हात शाईने भरलेले, उठवत नसे. म्हणून मी जागेवरूनच पट्टीने टेबलावर दोनदा वाजवायची. ते गप्प व्हायचे. मला वाटायचं, म्हातारा माझी गंमत करतो आहे. आता तसं वाटत नाही. तुला काय वाटतं ते बघ.

अदलाबदलीचा दुसरा नकाशा काढून पाठवते आहे. सुतार शिव्या देईल, खाऊन घे.

तुझी,
ताई

२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सुताराने मनसोक्त तोंडसुख घेतलं, पण अस्तर काढलं. टेबल आता बाबांच्या खाटेखाली आहे. थिएटर कोपऱ्यात गेलं, कपड्यांच्या दोरीशेजारी, त्यामुळे सिनेमा बघताना ओले टॉवेल आधी दिसतात.

काल मावशींना सांगून बाबांची काठी त्यांच्या हाताशी ठेवली. खाली आलो आणि झाडूचा दांडा छतावर दोनदा ठोकला. वरून काही नाही. पुन्हा वाजवलं. कान छताकडे लावून उभा राहिलो, एक फोन वाजून बंद झाला तरी. मला वाटलं, उशीर केला आपण. मग वरून ठक् झालं, अगदी हलकं. ताई, मी खुर्चीत बसून रडलो.

साहेबीण बाईंना सगळं सांगितलं. बघू म्हणाल्या, त्यामुळे ती धाकधूक आहेच. पण आता उठावं लागत नाही. गिऱ्हाईक बोलत असतं, काठी वाजते, मी बसल्या बसल्या दांडा उचलतो, आणि बाबा पुढचा कितीतरी वेळ शांत असतात. तुझी भावजय सांगते की आज ताट रिकामं परत आलं.

आणखी खूप लिहायचं होतं, पण आताच वरून वाजलं. मी आहे, एवढं त्यांना सांगतो.

तुझा ठोंब्या