अंगठ्यावरची शाई

प्रिय टिटवे,

हे पत्र मी सांगतेय आणि लिहितायत किरणांच्या मशीनवरच्या बाई. आधी तुझ्या आत्याला बसवलं होतं. पण वाचून दाखव म्हटलं, तर माझी चार वाक्यं तिच्या तोंडून दोनच निघाली. मानेतली गाठ औषधाला दाद देत नाही, असं मी सांगितलं. तिनं लिहिलं, तब्येत ठीक. मला अक्षर येत नाही, पण मोजता येतं. तिला चहा आणायला पिटाळलंय. या बाई खाडाखोडसुद्धा मला विचारून करतात.

कालपासून किरणं सुरू झाली. आधी गरम पाण्यात मऊ केलेली जाळी तोंडावर दाबून माझा मुखवटा केला. तो घालून टेबलाला अडकवतात. दहा मिनिटं हलायचं नाही, बोलायचं नाही. तुझ्या आजोबांना उभ्या जन्मात जे जमलं नाही, ते या बाईंनी चार खिट्ट्यांत केलं.

पडल्या पडल्या तुझ्या प्रयोगशाळेतल्या बशा आठवतात. असल्याच गाठीतल्या पेशी तू त्यांत वाढवतेस, औषध पाजतेस, आणि ज्या पुरून उरतात त्यांच्यावर किरणं सोडतेस. दोन आठवड्यांमागे फोनवर तासभर मला पटवलंस, की औषधाला न जुमानणाऱ्या पेशी किरणांपुढे मान टाकतात. सगळ्या का गं, असं मी विचारलं. तू गप्प झालीस. मग म्हणालीस, बऱ्याच. लहानपणी दुधाचं पातेलं मांजरानं सांडलं म्हणालीस, तेव्हाही आधी अशीच गप्प झाली होतीस. आपल्याकडे मांजर नव्हतं.

तेव्हा काही चिवट उरतात, हे मला कळलंय. माझ्या अंगातल्या, त्या ऐकणाऱ्या निघाल्या तरच नवल. आत्या म्हणते, त्या दिवसापासून तू धड जेवत नाहीस. आजीला मीच यात ढकललं, आता गुण आला नाही तर, असं घोकत बसतेस.

म्हणून हे पत्र. डॉक्टरांनी त्याच दिवशी सकाळी मला सगळं समजावलं होतं, उरणाऱ्या पेशींसकट, आणि मी होकाराच्या कागदावर अंगठा दिला होता. तुझा फोन दुपारी आला. तू घसा कोरडा करत होतीस, तेव्हा मी अंगठ्यावरची शाई फडक्यानं पुसत बसले होते. सांगितलं असतं, तर पाच मिनिटांत फोन ठेवला असतास. जेव आता.

तुझीच,
अंगठेबहाद्दर आजी