फोनची तारीख आणि माझा उपास

प्रिय भगिनी जमीला,
बेत जालातील आपल्या घरावर प्रभूची छाया असो.

अम्मानला लेकाकडे मी सुखरूप आहे. फोन मुका झाला होता म्हणून घाबरू नकोस. येथे नाताळ उरकलासुद्धा! आपल्या चर्चचे जुने पंचांग तेरा दिवस मागे, आपला नाताळ अजून यायचाच; म्हणून मी हट्टाने फोनमध्ये आपली जुनी तारीख घातली. मग वाय-फाय जोडलेले दिसे, पण काहीच उघडेना. सून समर म्हणाली, "मामंजी, वाय-फायला कशाला बोल लावता? तुमचा फोनच तेरा दिवस मागे रेंगाळतोय, चुकीच्या तारखेला काही उघडत नाही!"

केवळ आपल्या चर्चच्या घंटा ऐकता याव्यात, म्हणून मी फोनची तारीख पुन्हा इथली केली. माझी बदललेली नाही; आपल्या नाताळापर्यंत माझा उपास चालूच. घरात कोकरू शिजते. मी राजाची पक्वान्ने नाकारणाऱ्या दानीएलासारखा डाळच खातो.

गुडघ्याला तेल लावतेस ना? आपल्या नाताळला चर्चमधून फोन लाव. घंटा वाजल्या, की दोघे एकदमच उपास सोडू.

तुझा ज्येष्ठ बंधू,
जिर्यिस