नवव्या भागापर्यंत चार हेडफोन

तीर्थस्वरूप दादा,

साष्टांग नमस्कार. (कागदावरच मानून घे. मान उजवीकडे वळत नाही आणि खालीही फारशी जात नाही. कारण पुढे येईल.) आम्ही सगळे ठीक आहोत. तुझा खोकला कसा आहे? वहिनीच्या गुडघ्याला त्या नव्या तेलाने काही उतार पडला का? तू निवृत्त झाल्यापासून वहिनीची मला फार काळजी वाटते. चौतीस वर्षं बसस्थानकाच्या काचेच्या खोलीत बसून सगळ्या प्रवाशांना कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते सांगणारा माणूस एकदम एकटीच्या वाट्याला यावा, ही काही लहान गोष्ट नाही. तिला माझा वेगळा नमस्कार सांग.

पत्र लिहितोय ते तुझ्या परवाच्या निरोपामुळे. ‘अकराही भाग ऐकलेस का? खास करून नववा नीट ऐक आणि मग बोल.’ दादा, त्या ‘मग बोल’मुळे दोन दिवस अन्न गोड लागलेलं नाही. (फोन केला असता, पण फोनवर तू आवाजावरून सगळं ओळखतोस. अक्षरावरून तुला काही ओळखता येत नाही, माझं अक्षर लहानपणापासून घाबरलेलंच आहे.) तू तुझी जीवनकहाणी फोनवर बोलून अकरा भागांत पाठवलीस, प्रवासात ऐक म्हणालास, त्याला तीन आठवडे झाले. मी आठ भाग ऐकले आहेत. नवव्यात काय असणार याचा मला अंदाज आहे. आठव्याच्या शेवटी तू वीस वर्षांचा आहेस, रेडिओवर निवेदक व्हायचं म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तुझी आवाजाची चाचणी आहे, आणि तू पाचचा गजर लावून झोपतोस. गजर वाजला नाही, चाचणी हुकली आणि पुढे चार वर्षांनी तू रेडिओऐवजी बसस्थानकावर बोलायला लागलास, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. गजर का वाजला नाही, हे मला ठाऊक आहे. पण ते नंतर. आधी हेडफोन, कारण उशीर झाला तो केवळ त्यांच्यामुळे, आणि त्याचा दुसरा काही अर्थ तू काढू नयेस.

मी वजनमापांचा निरीक्षक. दर मंगळवारी आणि शुक्रवारी चार तासांच्या बसने जाऊन दुकानांतले काटे तपासायचे, मांडीवर प्रमाण वजनांची पितळी पेटी. तेव्हा जे काय तपासायचं ते पद्धतशीर, नोंद करून तपासायचं, ही हाताला लागलेली सवय. पहिल्यांदा घेतले ते फोनबरोबर फुकट आलेले वायरीचे. वजन चौदा ग्रॅम. कानात बसतात, पण पाहुण्यासारखे, कधी उठून जातील सांगता येत नाही. डावा गचक्यागणिक बाहेर येतो, वायर पेटीच्या कडीत अडकते, आणि दोन्ही जागेवर असले तरी इंजिन, कंडक्टर आणि मागच्या सीटवरचं भांडण सगळं जसंच्या तसं ऐकू येतं. तू तेवढा येत नाहीस. चढावर तर नाहीच. ड्रायव्हरने उताराला पाय सैल सोडला की मग तू येतोस, त्यामुळे तुझा जन्म, शाळा आणि मुंज मी उतारावर ऐकलेली आहे. चढावर तुझं काय झालं ते वहिनीला विचारून घेईन.

दुसरे बुचासारखे, रबराचे, बिनवायरीचे, दोन्ही मिळून दहा ग्रॅम. हे कान इतके गच्च बंद करतात की आवंढा गिळला तरी विहिरीत दगड पडल्यासारखं वाटतं. बिस्किट खायला घेतलं आणि अर्धंच ठेवलं. आणि तुझा आवाज, दादा, तो कानातून येत नाही, डोक्याच्या आतूनच येतो. मोठा भाऊ डोक्यात बसून बोलतोय ही गोष्ट मला नवी नाही, पण इतक्या स्पष्टपणे ती कधी झाली नव्हती. पाचव्या भागात मी जन्माला आलो. ‘त्यानंतर घरात धाकटा आला, आणि घरातली कुठलीही वस्तू पुन्हा अखंड राहिली नाही,’ असं तू म्हणालास आणि थोडा थांबलास. एवढा कशाला थांबलास? मी दचकलो, उजवं बूच निसटलं आणि सीटखाली घरंगळत गेलं. पुढचा दीड तास मी चार माणसांच्या चपलांमध्ये ते शोधत होतो, आणि डाव्या कानात तू माझं बारसं सांगत होतास. ते सापडलं नाही. एका कानाने मोठ्या भावाचं ऐकणं बरं दिसत नाही, म्हणून ते हेडफोन बाद.

तिसरे तुझ्या चिरंजीवाने दिले. बाहेरचा आवाज गिळून टाकणारे, दोनशे अडुसष्ट ग्रॅम. काका, यात जग बंद होतं, असं तो म्हणाला, आणि मी त्याला म्हटलं की मला जग बंद नकोय, फक्त त्याचा आवाज कमी हवाय. जग बंद झालं तर माझा थांबा आला हे मला कोण सांगणार? पेटीला कुणी हात घातला तर? गाडीला आग लागली, सगळे उतरले आणि मी आपला ऐकत बसलो तर? पण त्याने आग्रहाने दिले, म्हणून लावले. खरोखरच गाडीत माणसं आहेत, तोंडं हलताहेत, आणि ऐकू फक्त तू. सहावा भाग संपला. तू प्रत्येक भाग कसा संपवतोस ते तुला आठवतच असेल. ‘प्रवाशांनी आपापले सामान घेऊन गाडीतून उतरून घ्यावे.’ आधी मला ती गंमत वाटली होती. पण डोळे मिटलेले, बाहेर शांत, आणि तुझा तो अधिकृत आवाज. मी उठलो, पेटी उचलली आणि उतरलो. कंडक्टर ओरडत होता म्हणे, मला कुठलं ऐकू यायला. गाडी गेल्यावर हेडफोन काढले तेव्हा कळलं की मी एका शेतासमोर उभा आहे आणि माझा थांबा अजून सव्वा तास लांब आहे. पुढची गाडी दोन तासांनी आली. तोवर पेटीवर बसून सातवा भाग ऐकला आणि तो संपताना खबरदारी म्हणून उभा राहिलो. तू ‘उतरा’ म्हणावंस आणि मी बसून राहावं, हे मला या जन्मात जमलेलं नाही, हेच खरं.

आता चौथे, ज्यांनी माझी मान घालवली. दुकानदाराला मी झालं ते सगळं सांगितलं (शेताचं सोडून) आणि बाहेरचंही ऐकू येईल आणि भाऊही ऐकू येईल असं काही आहे का विचारलं. त्याने पाठीला जाळी असलेले, मोकळ्या आवाजाचे मोठे हेडफोन काढून दिले. तीनशे चाळीस ग्रॅम, पण आवाज असा की तू शेजारी बसून बोलतोयस. मंगळवारी ते लावून आठवा भाग सुरू केला. तू महिनाभर आरशासमोर उभा राहून ते एकच हवामानाचं निवेदन कसं घोटत होतास, ते ऐकताना मला भरून आलं. ‘समुद्र खवळलेला राहील, मच्छीमारांनी किनारा सोडू नये.’ आपल्या घरापासून समुद्र किती लांब, पण तुझ्या त्या आवाजाने मी अकरा वर्षांचा पोर खिडकीतून बाहेर बघून यायचो. एवढ्यात माझ्या लक्षात आलं की शेजारच्या नर्सबाई (डोळ्यांच्या दवाखान्यात असतात, दर मंगळवारी-शुक्रवारी याच गाडीला) माझ्याकडे झुकून बसल्या आहेत, पुढच्या सीटवरचे दोघे मागे वळलेत आणि कंडक्टर तिकिटं सोडून दांड्याला धरून उभा आहे. त्या जाळीतून जेवढा आवाज आत येतो तेवढाच बाहेर जातो, हे दुकानदाराने सांगितलं नव्हतं. मी उजवी बाजू खांद्यावर दाबून धरली, तशीच तास-दीड तास. ती मान अजून सरळ झालेली नाही.

आवाज कमी करावा तर नर्सबाई म्हणाल्या, असू द्या हो, छान चाललीय श्रुतिका. त्यांना ती रेडिओची मालिका वाटत होती, आणि मीही खुलासा केला नाही. तू गजर लावलास. कंडक्टर म्हणाला, आता हा झोपून राहणार. नर्सबाई म्हणाल्या, तो कसला झोपतोय, बिचारा महिनाभर तयारी करतोय, घड्याळातच कुणीतरी काहीतरी केलेलं असणार. घरात लहान मूल आहे का? मी म्हटलं, एक धाकटा आहे म्हणे. ‘मग त्याचेच उद्योग,’ त्या म्हणाल्या, आणि पुढच्या दोघांनी माना डोलावल्या. दादा, मीही डोलावली, जेवढी हलत होती तेवढी. मग सगळ्यांचं ठरलं की शुक्रवारी नववा भाग ऐकायचा. शुक्रवारी मी पोट बिघडल्याचं ऑफिसला कळवून घरी राहिलो. येत्या मंगळवारी काय बिघडवावं ते अजून सुचलेलं नाही.

तेव्हा तू नवव्यात सांगण्याआधी मीच सांगून टाकतो, अडतीस वर्षं झाली. गजराची हातोडी मी काढली होती. ती एवढीशी, दोन घंट्यांच्या मध्ये हलणारी. घरी मी तेव्हा काही कबूल केलं नाही, आणि केलं असतं तर म्हटलं असतं की यंत्र कसं चालतं ते बघायचं होतं. ते खोटं. तुझी निवड झाली असती तर तू दुसऱ्या शहरात राहायला जाणार होतास, आणि आपल्या खोलीत माझी एकट्याची गादी राहिली असती. मला तू जायला नको होतास. सकाळी सगळं परत बसवीन असा विचार होता, पण हातोडी मुठीत धरून मला झोप लागली. बाकी तू बसस्थानकावर बोलत असताना मी कित्येकदा मुद्दाम बाकावर येऊन बसायचो, गाडी कुठलीच पकडायची नसायची, आणि दर वेळी वाटायचं की हा आवाज इथे माझ्यामुळे आहे. तू काय म्हणशील ते म्हण. मी ऐकून घेईन, कुठल्याही हेडफोनने.

वहिनीला पुन्हा नमस्कार, चिरंजीवाला आशीर्वाद आणि त्याचे हेडफोन परत.

तुझा, अजून मानत असलास तर,
धाकटा

ता. क. पाकिटाला डिंक लावला आणि मग वाटलं, ऐकल्याशिवाय पाठवणं हा भित्रेपणा आहे. ऑफिसच्या काट्यांच्या खोलीत दार लावून नववा ऐकला, पहिल्याच फुकटच्या वायरीच्यांनी. तिथे इंजिन नाही, शब्दन् शब्द ऐकू आला. पाकीट फाडलं आहे, त्याबद्दल राग मानू नये. राग आता मी मानणार आहे. तू त्या दिवशी गजराआधीच जागा होतास? पाच वाजून गेले, घड्याळ गप्प, माझ्या मुठीत हातोडी तुला दिसली, आणि तुला हायसं वाटलं? चाचणीची भीती वाटली म्हणून नऊपर्यंत पांघरूण ओढून जागा पडून राहिलास, आणि बाबांनी विचारल्यावर घड्याळाकडे बोट दाखवलंस? दादा, तुझं लोखंडी कपाट मी तीन मजले चढवलं. तुझी घरं बदलली तेव्हा पाचही वेळा सामान मी वाहिलं. खिडकीची जागा अडतीस वर्षं तुला दिली. हे सगळं मी त्या घड्याळापायी केलं, आणि तू ते बघत राहिलास. ‘धाकट्याने मला माफ करावं’ हे वाक्य तू निवेदकाच्या आवाजात बोलायला सुरुवात केलीस आणि मध्येच तुझा आवाज फाटला. ते मी तीनदा ऐकलं. कपाट सोडून बाकीचं माफ केलं.

ता. क. दोन. हातोडी सोबत पाठवत आहे. इतकी वर्षं ती माझ्या प्रमाण वजनांच्या पेटीत, मखमलीच्या कोपऱ्यात होती. वजन तीन ग्रॅम दोनशे मिलिग्रॅम, दर वर्षी तपासलेलं. घड्याळ तुझ्याच कपाटावर आहे (त्याच, लोखंडी), त्यात बसव.

ता. क. तीन. दहावा भागही लगेच ऐकला, तो मात्र फार लांबलाय, बदलीचं प्रकरण थोडक्यात घे. आणि आता ज्यासाठी खरं म्हणजे पत्र पुन्हा उघडलं ते: येत्या मंगळवारी मी त्यांना नववा ऐकवतो आणि धाकटा कोण तेही सांगतो. पण त्याच्या पुढच्या मंगळवारी तुझी आवाजाची चाचणी ठेवली आहे. सकाळी सातची गाडी. परीक्षक नर्सबाई, कंडक्टर आणि पुढच्या सीटवरचे दोघे. समुद्राचं ते निवेदन फोनवर म्हणून आदल्या दिवशी पाठव, मी हेडफोन लावणार नाही. पाठवायची भीती वाटली तर स्वतः येऊन गाडीत म्हण, खिडकीची जागा ठेवतो. त्या दिवशी गजर लावू नकोस. पाच वाजता मी फोन करून उठवीन.