टिटवीची माफी

८ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद आणि प्रभूच्या नावाने सलाम वि. वि.

तुझं पत्र पोचलं. एका पानात चार ठिकाणी ‘तब्येतीला जपा’ लिहिलं आहेस. आमचं काळजीवाहू सरकार अजून सत्तेवर आहे हे वाचून बरं वाटलं. तुझ्या वहिनीला सातवा लागला आहे आणि डॉक्टरीणबाईंनी पाठ टेकून पडून राहायला सांगितलं आहे. तिने पाठ टेकली आहे, तोंड नाही. पडल्या पडल्या सगळं घर हाकते.

आमच्या लेकीला, टिटवीला, शनिवारी तुझ्याकडे पाठवतो आहे. एक मेपासून तिचं उन्हाळी शिबिर आहे, जागा तुझ्या घरापासून जवळ, आणि वहिनीच्याने आता ट्रंक भरणं होणार नाही. कपड्यांवर नाव घालणं, गीतं पाठ करून घेणं, वचनं म्हणून घेणं हे सगळं तूच कर. आणखी एक काम आहे, आणि ते ट्रंकेपेक्षा अवघड आहे.

गेल्या वर्षी शिबिरात काय झालं ते मी तुला अर्धंच सांगितलं होतं. हिच्या शेजारच्या खाटेवर एक लहान मुलगी होती, सगळे तिला पिटुकली म्हणतात. ती झोपेत अंथरूण ओलं करायची. शिबिराच्या मोठ्या बाईंनी संध्याकाळच्या प्रार्थनेत तिला सगळ्यांपुढे उभं केलं आणि हिचा हा दुबळेपणा प्रभूने दूर करावा अशी प्रार्थना केली. सगळ्यांनी आमेन म्हटलं. आमची टिटवी उठून मोठ्याने म्हणाली की मी म्हणत नाही. बाईंनी कारण विचारलं तर म्हणाली की बाई, ही गोष्ट देवाला आधीच माहीत होती, आता मुलांनाही कळली.

दोष कुणाला देऊ? आपल्याला शाळेत घालण्याआधी बाबा घरीच शिकवायचे, तेव्हा त्यांनीच ही खोड लावली. आमेन म्हणजे सही, पटलं नाही तर करू नका, केलीत तर निभवा. शत्रूवर प्रेम करायला शिकव, अशी त्यांनी प्रार्थना केली की तू शेजारच्या कुत्र्याचा विचार करत बसायचीस आणि आमची जेवणं गार व्हायची. तीच खोड मी टिटवीला लावली. पण घरातलं नाणं बाजारात चालत नाही.

मोठ्या बाईंची अट अशी की पहिल्या संध्याकाळी सगळ्यांसमोर टिटवीने माफी मागावी. ‘मी प्रार्थनेचा अपमान केला, मला क्षमा करा’ एवढंच म्हणायचं. तरच शिबिर. बाई आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका आहेत हे तुला सांगायला नको. तेवढं वाक्य तिच्याकडून घोटून घे.

वहिनीचे आशीर्वाद. आमच्यावरची माया आहे तशी राहू दे.
तुझा दादा


१६ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि. आणि सलाम.

टिटवी सुखरूप पोचली. गाडीतून उतरल्या उतरल्या मला सांगितलं की आत्या, तू बारीक झालीस. पाठोपाठ विचारलं की घरात खायला काय आहे. मी तिची ट्रंक दोनदा रिकामी करून तिसऱ्यांदा भरली. फ्रॉक, टॉवेल, मोजे, सगळ्यांवर लाल दोऱ्याने नाव घातलं. टॉर्चचे सेल नवे घातले आणि ते चालतात ना हे पाहायला तिला टेबलाखाली बसवून चादर टाकली. ती म्हणाली की आत्या, शिबिर आहे, लढाई नाही.

गीतं सगळी येतात. वचनंही येतात, फक्त घाईत शेवट गिळते. मग मी तुझं वाक्य काढलं. दादा, तिने ते एका दमात म्हणून दाखवलं, एक अक्षर न चुकता, आणि मला विचारलं की बरोबर झालं का. मी हो म्हटलं. मग म्हणाली की पहिल्याच संध्याकाळी देवासमोर खोटं बोलले तर बाकीचे दिवस तिथे काय करायचं?

मी तिला दूध दिलं. उत्तर नसलं की मी दूध देते हे तिला आता कळलं आहे, कारण ती म्हणाली की आत्या, दूध नको, उत्तर दे.

तिला शिबिराला जायचं आहे, अगदी जीव तोडून जायचं आहे. पिटुकलीच्या आईने म्हणे सांगितलं आहे की टिटवी असेल तरच माझी मुलगी येईल. ही गेली नाही तर तीही राहील, आणि गेलीच तर एकटी पडेल. म्हणून ती माझ्याशी भांडत नाही, नुसती माझ्याकडे बघते. नर्स म्हणून मुलांच्या वॉर्डात इतकी वर्षं काढली, पण असं बघणारं मूल पाहिलं नाही.

मी काय करू ते लिही. तुझ्या शब्दाबाहेर जायचं मला भय वाटतं, आणि शब्दात राहायचंही. वहिनीला नमस्कार. चुकत असेन तर कान धर, पण हात सोडू नकोस.
तुझी धाकटी


२१ एप्रिल

चि. धाकटीस,
आशीर्वाद आणि सलाम.

तू काय करायचं ते मी आधीच लिहिलं होतं. पोरीने प्रश्न विचारला म्हणून मोठ्या माणसाने दुधाचा पेला धरून उभं राहायचं नसतं. तू तिला उत्तर द्यायचं होतंस की मोठ्यांचा मान राखणं हेसुद्धा खरं बोलण्याइतकंच मोठं असतं.

तुला मोठ्या बाई माहीत आहेत. शिस्तीच्या आहेत, दुष्ट नाहीत. बाबांच्या आजारपणात त्यांनी मला महिनाभर उशिरा येऊ दिलं, एका शब्दाने विचारलं नाही. त्यांच्या हाताखाली माझी भाकरी आहे. रोज सकाळी हजेरीला त्यांच्यासमोर उभं राहताना त्या मला काही बोलत नाहीत, पण ‘तुमची ती टिटवी’ एवढं म्हणाल्या तरी माझी मान खाली जाते. एका वाक्याने हे मिटणार असेल तर मिटव. तू यात शहाणपण घालू नकोस.

इकडे मला घरातही सुख नाही. काल जेवणाआधी टिटवीला सद्बुद्धी मिळो अशी मी प्रार्थना केली, तर तुझी वहिनी आमेन म्हणेचना. उशीला टेकून ताटाकडे बघत राहिली. मी विचारलं तर म्हणाली की कोणाला सद्बुद्धी, ते नीट सांगून पुन्हा म्हणा. सातव्या महिन्यातल्या बाईशी काय वाद घालायचा? जेवण गार झालं. तुम्हा बायकांचं एकमेकींना कळतं कसं, देव जाणे.

माझं मन ओळख आणि ऐक.
दादा


२६ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि. आणि सलाम.

तुझं पत्र मी चारदा वाचलं. दरवेळी वाटलं की तुझं बरोबर आहे, आणि दरवेळी टिटवी समोरून गेली. आता लिहिते.

ते वाक्य मी तिच्याकडून घोटून घेणार नाही.

तू मला मोठ्यांचा मान शिकवलास, मी तो राखते. म्हणूनच तुझ्यामागे काही करत नाही, तुला सांगून करते. बाबांनी जे शिकवलं ते घराबाहेर चालत नसेल, तर त्यांनी आपल्याला घराबाहेर सोडलंच कशाला? मला चूक झाली की झोप लागत नाही, तुला माहीत आहे. इंजेक्शन दिल्यावर मी परत जाऊन बाटली वाचते. तशी मी हे प्रकरण उलटून पालटून पाहिलं. त्यात पोरीचा एकच दोष सापडला, तो म्हणजे आवाज. आमच्या वॉर्डात अशा ओल्या चादरी रोज निघतात. आम्ही त्या बदलतो, गुपचूप, मूल बाहेर खेळत असताना.

मी तिला फक्त एक विचारलं, की तुला मनापासून कुणाची माफी मागावीशी वाटते का. ती बराच वेळ ट्रंकेच्या कडीशी चाळा करत बसली. मग म्हणाली की हो, पिटुकलीची. मी ओरडले तेव्हा ज्या मुलींचं लक्ष नव्हतं त्याही तिच्याकडे बघायला लागल्या. बाईंनी तिला उभं केलं, पण सगळ्यांच्या माना मी वळवल्या.

दादा, तुझी मुलगी अकरा वर्षांची आहे. एवढा हिशोब मला अजून जमत नाही.

मग तिने माझ्याकडून वॉर्डातलं असतं तसं रबरी कापड मागितलं. एक नाही, दोन. एक पिटुकलीच्या गादीवर घालायचं आणि एक स्वतःच्या, म्हणजे तिचं एकटीचं दिसणार नाही. मी ते बाजारातून आणलं, कापलं, कडा शिवल्या आणि ट्रंकेच्या तळाशी घातलं. वर तिने पवित्र शास्त्र ठेवलं. मला जरा ओशाळल्यासारखं झालं, पण ती म्हणाली की खाली काय आहे ते देवाला चालेल.

तुला ते वाक्य हवंच असेल तर एक तारखेला तू स्वतः ये, तिला शिबिराच्या दारापर्यंत ने आणि तू म्हणवून घे. मी अडवणार नाही. तू आला नाहीस तर मी सोडून येईन, आणि तिथे ती तिचं तिचं बोलेल.

रागाव, पण अबोला धरू नकोस. वहिनीला माझं आमेन सांग.
तुझी धाकटी


३ मे

प्रिय आत्या,
सा. न. आणि सलाम.

मी मजेत आहे. पण एक गडबड झाली आहे. तू आधी बस, मग वाच.

आल्या आल्या मी पिटुकलीला पाण्याच्या टाकीमागे नेलं आणि माफी मागितली. ती म्हणाली बरं. मग म्हणाली की तुझी टॉर्च मला रोज थोडा वेळ देशील का. मी दिली. कापडं घातली. आमच्या दोघींच्या खाटा सारख्याच वाजतात, कूस बदलली की चर्र होतं. बाकीच्या मुलींनी विचारलं तर मी सांगितलं की आत्या नर्स आहे, तिला सगळ्याची काळजी असते. ते सगळ्यांना पटलं.

संध्याकाळी बाईंनी मला पुढे बोलावलं. मी म्हटलं की बाई, मी माफी मागितली आहे. त्या म्हणाल्या की कधी, मी तर ऐकली नाही. मी म्हटलं की ज्यांची मागायची होती त्यांची एकांतात मागितली, इथे नाव घेतलं तर परत सगळे बघतील. आणि बाई, मी ओरडले त्याबद्दल मला वाईट वाटतं, हळू सांगायला हवं होतं. पण आमेन म्हटलं नाही त्याबद्दल वाटत नाही, म्हणून त्याची मागता येत नाही.

कोणी हसलं नाही. बाई रागावल्या नाहीत, ते जास्त वाईट होतं. म्हणाल्या की मग तुझ्या आत्याला बोलावते. तोपर्यंत मी भांडी घासते आहे. अक्षरं पसरली आहेत ती रडून नाहीत, हात ओले आहेत म्हणून. थोडीशी रडून.

तू ये. पण मला नेऊ नकोस.
तुझीच,
टिटवी


७ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि. आणि सलाम.

एक तारखेला तू आला नाहीस, म्हणून टिटवीला मीच सोडून आले. तिचं पत्र सोबत जोडलं आहे. आधी ते वाच.

त्याच दिवशी दुधाच्या गाडीबरोबर बाईंची चिठ्ठी आली, मुलीला घेऊन जावं. मी सकाळच्या बसने गेले. वाटेत तिकीट हातात घामाने भिजलं. काय बोलायचं ते ठरवत गेले आणि फाटक दिसताच सगळं विसरले.

बाई व्हरांड्यात गीतांचे कागद लावत बसल्या होत्या. पाय सुजलेले, आवाज बसलेला. त्यांनी आधी मला पाणी दिलं, सावलीत बसवलं, वहिनीची चौकशी केली. मग म्हणाल्या की ट्रंक बांधून ठेवली आहे.

मी म्हटलं की तुम्ही बोलावलंत म्हणून आले, पण तिला न्यायला आले नाही.

त्या म्हणाल्या की इतकी मुलं सांभाळायची तर कुणीतरी ऐकायला हवं, आणि ती प्रार्थना मी प्रेमाने केली होती. मी म्हटलं की बाई, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. तीच प्रार्थना तुम्ही त्या लहानीच्या खाटेवर बसून तिच्या कानात केली असतीत, तर आमच्या टिटवीने सगळ्यांत आधी आमेन म्हटलं असतं. त्या म्हणाल्या की बोलावू का तिला, विचारू का तिलाच? तेव्हा मात्र मी खुर्चीवरून उठलेच. म्हटलं की नाही, तिला साक्षीला आणायचं नाही. पुरे झालं तिचं उभं राहणं.

बाई म्हणाल्या की आता तू मला शिकवणार? मी नाही म्हटलं. पण तिला घालवायचंच असेल तर तुम्ही तिचा हात धरून फाटकापर्यंत आणा आणि का घालवता ते सगळ्या मुलांना सांगा. मी फाटकाशी उभी राहते. मी स्वतःच्या हाताने तिला इथून नेणार नाही, कारण नेलं तर तिला वाटेल की चूक तिचीच होती.

दादा, त्या कागद लावत राहिल्या, लावलेले पुन्हा लावले. मग जेवणाची घंटा झाली. उठताना म्हणाल्या की राहू दे तिला, पण शेवटच्या दिवसापर्यंत भांडी, आणि समारोपाच्या गाण्यात जागा नाही.

तिला ते गाणं किती आवडतं, माझ्याकडे दिवसभर म्हणायची. मी तिला मोरीवर जाऊन सांगितलं. कोपरापर्यंत फेस होता. ओठ घट्ट मिटून तिने ऐकलं. मग विचारलं की पिटुकलीला वाटलं तर ती माझ्याबरोबर भांडी घासायला आली तर चालेल का. बाई मागेच उभ्या होत्या. म्हणाल्या की चालेल. कुणी कुणाची माफी मागितली नाही. मी ट्रंकेची दोरी सोडली, कपडे तिच्या खाटेखाली लावले आणि परत आले. बसमध्ये मात्र इतकी रडले की कंडक्टरने पुढची सीट दिली.

आता तुझं. जूनमध्ये शाळा उघडली की बाई तुला बोलावणार आहेत, तसं त्या मला सांगून मोकळ्या झाल्या. मुलीला हे कुणी शिकवलं असं विचारतील. बाबांचं नाव सांगू नकोस, ते आता उत्तर द्यायला नाहीत. माझं सांग. मी माझा पत्ता आणि ड्यूटीच्या वेळा त्यांच्याकडे लिहून ठेवल्या आहेत. तुझं नाव सांगायचं की नाही ते मी तुला सांगणार नाही. एवढंच लिहिते की टिटवीने मला विचारलं, दादा काय म्हणाले. मी तिला सांगितलं की अजून म्हणाले नाहीत.

शिबिर पंधराला संपतं. तिला न्यायला मी जाणार नाही, तू ये. सकाळची बस साडेसातची आहे.

वहिनीला नमस्कार, होणाऱ्या बाळाला सलाम. तुझा राग तुझ्यापाशी ठेव, लोभ मात्र माझ्या वाट्याचा मला दे.
तुझी धाकटी